रंग सगळ्यात शेवटी: डोंगरातली फॉक्सग्लोव्ह ओळखायची कशी

उन्हाळ्यात दार्जिलिंग, हिमाचल, काश्मीर किंवा उटीकडे फिरून आलेल्या मंडळींच्या फोनमध्ये हा फोटो हमखास सापडतो: छातीला लागेल एवढा सरळसोट दांडा, त्याच्या एकाच बाजूला लोंबणाऱ्या जांभळ्या घंटा, घंटेच्या आत गडद ठिपके. फोटोखाली लिहिलेलं असतं, 'पहाडातलं रानफूल'. पहाडात उगवलेलं असलं तरी ते पहाडाचं नाही. हे फूल फॉक्सग्लोव्हचं, आणि भारतात फॉक्सग्लोव्हची एकही मूळची जात नाही. तिच्या डिजिटॅलिस या शास्त्रीय प्रजातीत (म्हणजे जातींच्या गटात) वीसेक जाती आहेत आणि त्यांचं माहेर युरोप, पश्चिम आशिया आणि वायव्य आफ्रिका. आपल्याकडे त्या दोन वाटांनी आल्या: थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांच्या बागांतून आणि औषधी लागवडीतून. हृदयविकारावरच्या औषधासाठी काश्मीर, दार्जिलिंग आणि नीलगिरीत फॉक्सग्लोव्हची लागवड झाली. वाफ्यातून निसटलेलं बी मग रस्त्याच्या कडेला, दरडीवर, पडक्या कुंपणाशी रुजलं.

मराठीत याला जुनं नाव नाही, कारण झाडच जुनं नाही. द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या, आधुनिक पुस्तकांत हृत्पत्री आणि तिलपुष्पी अशी दोन नावं मिळतात. तिलपुष्पी हे नाव ज्याने ठेवलं त्याची नजर चांगली होती. शेतातलं तिळाचं फूल पाहिलेल्या माणसाला फुलाची निम्मी ओळख त्या नावातच पटते. 'डिजिटॅलिस' हे नाव लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिज्ञाने १५४२ साली दिलं. लॅटिनमध्ये 'डिजिटस' म्हणजे बोट. फूल शिंप्याच्या अंगुस्तानासारखं बोटावर बसतं म्हणून. (बसवून पाहू नका, कारण पुढे येईलच.)

नवशिक्यांची पहिली चूक ठरलेली: रंगावरून जात ठरवणं. जांभळ्या जातीत पांढरी, गुलाबी, जर्दाळू रंगाची फुलं सर्रास येतात. पिवळ्या फुलांच्या जाती एकापेक्षा जास्त आहेत. पांढुरक्या-तपकिरी दिसणाऱ्याही दोन आहेत. म्हणून या लेखातला क्रम असा: आधी प्रजाती पक्की करा, मग फुलाची लांबी, मग पान, मग दांडा आणि निदलं (फुलाच्या तळाशी असलेली पाच हिरवी दलं). रंग शेवटी.

निघण्यापूर्वी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, पातळ नायट्राइलचे हातमोजे, एक पांढरा कोरा कागद, वही आणि पेन्सिल. एवढं पुरे. पांढऱ्या कागदाचे दोन उपयोग आहेत. फुलामागे धरला की फोटोत रंग बरा येतो, आणि सुकं बोंड त्यावर आपटलं की बी दिसतं.

हातमोजे शोभेला नाहीत. मुळापासून बियांपर्यंत अख्खं झाड विषारी आहे. त्यातली द्रव्यं हृदयाच्या स्नायूवर काम करतात. आपल्याकडच्या कण्हेरीत आणि पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, याच गटातली विषं असतात. वाळवून किंवा उकळून ती जात नाहीत. मात्रेचा अंदाज येण्यासाठी: लोकरी फॉक्सग्लोव्ह या जातीपासून मिळणारं डिगॉक्सिन हे औषध हृदयरोग्याच्या नेहमीच्या एका गोळीत ०.२५ मिलिग्रॅम असतं. पानात ते किती आहे हे जात, ऋतू आणि झाडाचं वय यांप्रमाणे बदलतं, त्यामुळे घरगुती काढ्याचा 'अंदाज' हा जिवाशी खेळ आहे. चव घेऊन ओळखायची पद्धत इथे पूर्ण बंद. हात लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण काही खाण्याआधी किंवा डोळे चोळण्याआधी साबणाने हात धुवा.

कुणाच्या पोटात गेलंच तर मळमळ, उलट्या, नाडी मंद किंवा अनियमित होणं, समोरचं पिवळट-हिरवट दिसणं ही लक्षणं. ती दिसेपर्यंत थांबू नका. १०८ला फोन करा, झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या आणि ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचा. यावर उतारा म्हणून प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण ते प्रत्येक रुग्णालयात नसतं, म्हणून वेळ महत्त्वाची.

पायरी १: हे फॉक्सग्लोव्हच आहे ना?

पाच गोष्टी एकत्र जुळायला हव्यात. दांडा गोल, चौकोनी असेल तर सोडून द्या. पानं दांड्यावर एकाआड एक, आणि तळाशी जमिनीलगत पानांचा झुबका. शेंड्याकडे लांब तुरा, त्यात प्रत्येक फूल एका छोट्या सहपत्राच्या (फुलाखालच्या बारक्या पानाच्या) बगलेतून निघालेलं. फूल नळीसारखं किंवा घंटेसारखं, तोंडाशी दोन ओठ, खालचा ओठ वरच्यापेक्षा लांब. आणि आत डोकावल्यावर वरच्या बाजूला चिकटून चार पुंकेसर, दोन लांब आणि दोन आखूड. पाचवा पुंकेसर किंवा त्याचा केसाळ अवशेष दिसला तर ते फॉक्सग्लोव्ह नाही.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना दोन झाडं चकवतात. पहिलं अर्थातच तीळ आणि त्याचे रानटी भाऊबंद. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतात, गुलाबी-जांभळी घंटा, लोंबती, आत खुणाही असतात. पण तिळाचा दांडा चौकोनी आणि खाचदार, खालची पानं समोरासमोर, फुलं पानांच्या बगलेत, आणि बोंड उभं, लांबट, खाचांचं. दुसरं विंचू किंवा वाघनखी. हीसुद्धा परदेशातून, मेक्सिकोकडून आलेली. फूल ठिपक्यांसह इतकं जुळतं की फोटो पाहून कुणीही फसेल. मात्र विंचवाची पानं समोरासमोर, रुंद आणि चिकट, आणि फळाला दोन आकडे. ते पाहिल्यावर शंका उरत नाही. सह्याद्रीत आपोआप उगवलेलं 'फॉक्सग्लोव्ह' दिसलं की आधी या दोघांचाच विचार करा.

हिमालयात गफलत वेगळी होते. तेरड्याच्या जातींना फुलामागे शेपटीसारखी नळी असते आणि खोड रसरशीत असतं. घंटाफुलांना, म्हणजे कॅम्पॅन्युलांना, पाच सारख्या पाकळ्या आणि पाच पुंकेसर असतात. बागेतल्या पेन्स्टेमॉनची पानं समोरासमोर. बचनाग आणि डेल्फिनियम यांचा तुरा लांबून तसाच दिसतो, पण पानं बोटांसारखी कापलेली असतात. बचनागही जहाल विषारी आहे, तेव्हा 'फॉक्सग्लोव्ह नाही ना, मग चालेल' असं समजून तोडायला जाऊ नका.

पायरी २: तोडण्याआधी फोटो

एका सुंदर फोटोवरून जात सांगता येत नाही. सात फोटो लागतात: अख्खं झाड परिसरासह; फूल बाजूने, शेजारी पट्टी धरून; फूल समोरून, घसा दिसेल असं; निदलं जवळून; तळचं पान वरून, देठ पूर्ण दिसेल असं; तेच पान उलटं करून; आणि पिकलेलं किंवा हिरवं बोंड. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे मधल्या काळात एकाच दांड्यावर खाली बोंडं, मध्ये फुलं आणि वर कळ्या मिळतात. ओळख पटवायला हाच काळ उत्तम. हिमालयात ढोबळ मानाने मे ते जुलै, पण उंची आणि उतार यांप्रमाणे हे पुढे-मागे सरकतं.

उन्हात काढलेल्या फोटोत जांभळा रंग फोनच्या कॅमेऱ्यात निळसर येतो. स्वतःच्या सावलीत काढा. पावसानंतर काढणार असाल तर पानावरची लव बसलेली असते आणि केसाळ पानही गुळगुळीत दिसतं. पान वाळू द्या, मग भिंग लावा.

पायरी ३: फूल मोजा

दलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांच्या नळीच्या, तळापासून खालच्या ओठाच्या टोकापर्यंतची लांबी घ्या. तुऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागातली पूर्ण उमललेली तीन फुलं मोजून सरासरी लिहा. शेंड्याची उशिरा आलेली फुलं लहान असतात, आणि मुख्य दांडा मोडल्यावर बगलेतून फुटलेल्या बारक्या तुऱ्यांवरची आणखी लहान. त्यांच्यावरून मोजलं तर जांभळी जातही 'छोट्या फुलांची' ठरेल.

३.५ सेंटिमीटरपेक्षा मोठं फूल असेल तर उमेदवार तीन: जांभळी, मोठी पिवळी, आणि या दोघींचा संकर. ३.५ किंवा त्याहून लहान असेल तर लोकरी, गंजरंगी किंवा छोटी पिवळी. ही मराठी नावं या लेखाच्या सोयीपुरती. वहीत शास्त्रीय नावच लिहा.

पायरी ४: पान, देठ आणि लव

जांभळी फॉक्सग्लोव्ह, डिजिटॅलिस पर्पुरिया. रानात आपोआप पसरलेलं जे दिसतं ते जवळपास नेहमी हेच. तळची पानं १० ते ४० सेंटिमीटर लांब, ४ ते १५ सेंटिमीटर रुंद, अंडाकृती किंवा लांबट. कडेला बारीक, बोथट दाते. वरचा पृष्ठभाग सुरकुतलेला, खालचा करडा-पांढरट आणि मऊ लवीचा. आता देठ पाहा, कारण खरी खूण तिथे आहे. पान एकदम संपत नाही, देठाच्या दोन्ही बाजूंनी पंखासारखी पट्टी खाली उतरत जाते, आणि पानाच्या तळच्या शिरा त्या पंखात शिरलेल्या दिसतात. पान उलटं करून उजेडाकडे धरलं की शिरांचं जाळं स्पष्ट होतं. फूल ४ ते ५.५ सेंटिमीटर, घंटा फुगीर, आत खालच्या बाजूला पांढऱ्या कडेचे गडद ठिपके आणि लांब विरळ केस. फुलं एका बाजूला झुकलेली. उंची सहसा १ ते २ मीटर.

मोठी पिवळी, डिजिटॅलिस ग्रँडिफ्लोरा. फूल ४ ते ५ सेंटिमीटर, फिकट पिवळं, आत ठिपके नाहीत तर तपकिरी शिरांचं जाळं. पान हिरवंगार, वरून चकचकीत, खाली फक्त शिरांवर आणि कडेला केस. झाड बहुवर्षायू. करडेपणा कुठेच नसतो, आणि जांभळीच्या पिवळट वाणापासून तिला वेगळं काढायला हाच धागा उपयोगी.

छोटी पिवळी, डिजिटॅलिस ल्युटिया. फूल साधारण १ ते २.५ सेंटिमीटर, अरुंद नळी, फिकट लिंबू रंग, आत ठिपका नाही. पानं गुळगुळीत. फुलं एका बाजूला, दाटीने. लोक हिला मोठ्या पिवळीचं 'कुपोषित' झाड समजतात. मोजपट्टी लावली की वाद मिटतो.

लोकरी, डिजिटॅलिस लॅनाटा. औषधी लागवडीत महत्त्वाची हीच. बाल्कन आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशातली. काश्मीरमध्ये लागवड झालेल्या जातींत ही आहे. पानं जांभळीपेक्षा अगदी वेगळी: भाल्यासारखी अरुंद, ३० सेंटिमीटरपर्यंत लांब पण रुंदी फार तर ४ सेंटिमीटर, देठ नाही, कडेला दाते नाहीत, शिरा मधल्या शिरेपासून अरुंद कोनात निघून पुढे धावणाऱ्या. नाव लोकरी असलं तरी पान लोकरी नसतं, आणि नवशिके इथेच अडखळतात. लोकर असते फुलोऱ्याच्या दांड्यावर आणि निदलांवर. फूल २ ते ३ सेंटिमीटर, मळकट पांढरं, त्यावर तपकिरी-जांभळट शिरांचं जाळं, आणि खालचा ओठ जिभेसारखा पुढे आलेला, पांढरा. फुलं दांड्याच्या सर्व बाजूंनी.

गंजरंगी, डिजिटॅलिस फेरुजिनिया. हौशी बागांत दिसते. हिचा तुरा सडपातळ, सरळ, मेणबत्तीसारखा, फुलं १.५ ते ३.५ सेंटिमीटर, पिवळट-तपकिरी, आत गंजाच्या रंगाच्या शिरा. लोकरीशी सर्वांत जास्त गोंधळ हिचाच.

पायरी ५: दांडा आणि निदलं, म्हणजे लोकरी की गंजरंगी

हा प्रश्न फुलाच्या फोटोवर कधीच सुटत नाही, कारण दोन्हींचा खालचा ओठ लांब, दोन्हींवर शिरांचं जाळं, दोन्हींची फुलं चहूबाजूंनी. भिंग फुलावरून काढून फुलोऱ्याच्या दांड्यावर न्या. दांडा पांढऱ्या लोकरीने भरलेला आणि निदलं अरुंद, टोकदार, केसाळ असतील तर लोकरी. दांडा गुळगुळीत, निदलं रुंद, बोथट टोकाची आणि त्यांना पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखी कड असेल तर गंजरंगी. पापुद्र्याची कड नुसत्या डोळ्यांना पांढरी रेघ वाटते. भिंगातून ती कागदासारखी दिसते. फुलं गळून गेली तरी निदलं बोंडाभोवती टिकतात, त्यामुळे ही खूण हंगामानंतरही चालते.

जांभळीची निदलंही एकदा पाहून ठेवा. पाचांपैकी वरचं एक बाकीच्यांपेक्षा अरुंद असतं. उरलेली चार रुंद, पानासारखी.

पायरी ६: बागेतली रंगरूपं

इथे पुस्तकातली वर्णनं कोलमडतात, म्हणून जरा थांबून पाहायला हवं. 'एक्सेल्सियर' गटाच्या झाडांना फुलं दांड्याच्या चारी बाजूंनी येतात आणि खाली न लोंबता आडवी राहतात. 'कॅमलॉट' आणि 'डाल्मेशियन' हे संकरित वाण पेरल्याच्या पहिल्याच वर्षी फुलतात, 'फॉक्सी'ही तशीच आणि बुटकी. म्हणजे 'एका बाजूला फुलं' आणि 'दोन वर्षांचं झाड' या जांभळीच्या दोन्ही खुणा बागेत लंगड्या पडतात. न बदलणारी खूण म्हणजे पान: करडी लव, बोथट दाते, पंखाचा देठ. फूल कोणत्याही रंगाचं असो, हे तीन जुळले तर जात पर्पुरिया.

कधी दांड्याच्या अगदी टोकाला बशीएवढं, पसरट, अनेक पाकळ्यांचं एकच फूल दिसतं आणि खाली नेहमीच्या घंटा. ती वेगळी जात नाही आणि कलमही नाही. जांभळीत आनुवंशिकतेने येणारी विकृती आहे. शेंड्याचं फूल आधी उमलतं, म्हणून तुरा वरून खाली फुलतोय असं वाटतं.

तांबूस-स्ट्रॉबेरी रंगाची, ६ सेंटिमीटरपर्यंत मोठी फुलं आणि दाट, चकचकीत पानं दिसली तर ती मर्टोनेन्सिस. जांभळी आणि मोठी पिवळी यांचा हा संकर इंग्लंडमधल्या मर्टन इथे १९२०च्या दशकात तयार झाला. बहुतेक संकरांचं बी वांझ किंवा भलत्याच रूपाचं निघतं, पण याची गुणसूत्रं दुप्पट झालेली असल्याने बियांपासून तसंच झाड येतं. म्हणून बागेबाहेर एखादं रोप सापडणं अशक्य नाही. केशरी-गुलाबी फुलांची, झुडपासारखी फांद्या फुटलेली झाडं रोपवाटिकेत 'डिजिप्लेक्सिस' म्हणून मिळतात. ती जांभळी आणि कॅनरी बेटांवरची जात यांच्या संकरातून आलेली.

पायरी ७: फूलच नसेल तर

सर्वांत अवघड आणि सर्वांत धोक्याची पायरी ही. जांभळी पहिल्या वर्षी फक्त पानांचा झुबका करते, थंडी खाते आणि दुसऱ्या वर्षी दांडा टाकते. म्हणजे कोणत्याही जागी निम्मी झाडं बिनफुलांची असू शकतात, आणि याच अवस्थेत माणसं तिला खाण्याची किंवा औषधाची पालेभाजी समजतात. कॉम्फ्रे ही औषधी म्हणून वापरली जाणारी परदेशी वनस्पती समजून फॉक्सग्लोव्हच्या पानांचा चहा प्यायल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

कॉम्फ्रेचं पान हाताला खरखरीत, जवळजवळ सँडपेपरसारखं लागतं आणि त्याच्या कडेला दाते नसतात. फॉक्सग्लोव्हचं पान मखमली आणि कड दातेरी. हातमोज्यातूनही हा फरक कळतो. कडेवरून बोट फिरवलं की दाते लागतात का, एवढंच पाहायचं.

हिमालयात दुसरा जोडीदार म्हणजे रानतंबाखू, व्हर्बॅस्कम थॅप्सस. ती तिथलीच आहे आणि फॉक्सग्लोव्हला आवडतात तशाच उघड्या, उकरलेल्या जागी वाढते. तिचं पान दोन्ही बाजूंनी जाड बनातीसारखं, घोंगडीच्या तुकड्यासारखं. भिंगातून केस फांद्या फुटलेले, चांदणीसारखे दिसतात; फॉक्सग्लोव्हचे केस साधे, एकसरळ. सावलीतल्या रोपाची लव विरळ असते, त्यामुळे एका पानावर निकाल देऊ नका. मधलं एक आणि बाहेरचं एक, अशी दोन पानं पाहा.

पुष्करमूळ आणि त्याच्या गणगोताची तळपानंही मोठी, खाली पांढुरकी असतात. फरकासाठी पुन्हा देठाकडेच या: शिरा देठाच्या पंखात उतरतात का?

झुबक्यावरून फुलाचा रंगही थोडाफार सांगता येतो. देठ आणि मधली शीर तळाशी जांभळट असेल तर फूल जांभळट येणार. अगदी हिरवी असेल तर बहुधा पांढरं. माळी याच खुणेवर रोपं वेगळी काढतात. लोकरीचा झुबका गवताळ, अरुंद पानांचा. जांभळीशी तिची गल्लत होत नाही, पण कुठल्या तरी बिनमहत्त्वाच्या तणाशी होते आणि नोंद राहून जाते.

काहीही जुळलं नाही तर 'फॉक्सग्लोव्ह नसावं' असं न लिहिता 'अनिश्चित, विषारी धरावं' असं लिहा.

पायरी ८: लावलेलं की निसटलेलं?

नोंदीच्या दृष्टीने हा प्रश्न जातीइतकाच मोठा. लावलेल्या वाफ्यात झाडं एका वयाची आणि सारख्या अंतरावर असतात. आपोआप वाढणाऱ्या जागी फुलणारी झाडं, मोठे झुबके आणि नखाएवढी रोपं एकत्र दिसतात. नखाएवढी रोपं शोधा. तीच खरी साक्ष. दगडी बांधाच्या फटी, रस्त्यासाठी कापलेली दरड, जुनी घसरण, तोडलेल्या झाडांची मोकळी जागा, ही त्यांची आवडती ठिकाणं. कारण बियांत आहे. बी एक मिलिमीटरपेक्षा लहान, रुजायला उजेड लागतो, म्हणून गवताच्या दाट गालिच्यात ते अडकून राहतं आणि माती उकरली की एकदम उठतं. पिकलेलं बोंड टोकाशी फाटतं आणि वाऱ्याने दांडा हलला की मीठदाणीसारखं बी शिंपडतं. त्यामुळे ते फार दूर जात नाही. दूर नेतात ते बूट, टायर आणि बांधकामाची माती. परतीच्या आधी बुटांच्या खाचा झाडा.

जांभळीला आम्लधर्मी माती मानवते, चुनखडीची नाही. लोकरी त्याउलट कोरड्या, चुनखडीच्या जागीही तग धरते. गुरं-मेंढरं फॉक्सग्लोव्हला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून साफ झालेल्या कुरणात तेवढेच दांडे उभे दिसतात. यावरून 'इथे फारच पसरलंय' असा निष्कर्ष काढण्याआधी ५ बाय ५ मीटरचा चौकोन आखून फुलणारी झाडं, झुबके आणि रोपं वेगवेगळी मोजा.

जवळ बंगला, विश्रामगृह, चहामळ्याची वसाहत किंवा जुनी औषधी शेती आहे का, आणि ती किती मीटरवर, हे लिहा. रंगही आता लिहा. बागेजवळ मिश्र रंग, आणि दूर जाताना फक्त जांभळा, असं दिसलं तर वसाहत काही पिढ्या स्वतःच्या जोरावर टिकल्याचा तो चांगला इशारा आहे.

नोंद आणि नमुना

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना लागवडीतलं झाड असेल तर तशी खूण करा. ती न केल्याने बागेतली झाडं नकाशावर 'रानटी' म्हणून चढतात. उंची मीटरमध्ये, उताराची दिशा, मातीचा रंग, आणि वर सांगितलेली मोजणी जोडा.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही, परदेशी तण असलं तरी. बाहेर, जागामालकाला विचारून नमुना घ्यायचा असेल तर दीड मीटरचं झाड ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर कसं बसवायचं हा प्रश्न येतो. दांडा इंग्रजी 'एन' अक्षरासारखा दुमडा. तळचं एक पान पालथं आणि एक उताणं ठेवा, देठासकट. एक फूल पात्याने उभं चिरून उघडं पसरा, म्हणजे ठिपके आणि पुंकेसर दिसतील. न चिरता दाबलेल्या फुलाचा नुसता डाग उरतो. बोंडं वेगळ्या कागदी पुडीत. सुकताना रंग उडतो, म्हणून तो ताज्या फुलावरूनच लिहून ठेवा. वर्तमानपत्राचे कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदला. पानं मांसल असल्याने बुरशी लवकर धरते. पुडीवर ठळक 'विषारी' लिहा.

स्वतःच्या बागेतली झाडं बाहेर जाऊ द्यायची नसतील तर खालची बोंडं तपकिरी होण्याआधी दांडा तळाशी कापा. सगळी फुलं सरेपर्यंत वाट पाहिली तर खालच्या बोंडांनी काम केलेलं असतं. कापल्यावर बगलेतून बारके तुरे फुटतात, तेही दोन-तीन आठवड्यांनी पाहून कापा. झुबके मुळासकट उपटले तरी जमिनीतलं बी पुढची काही वर्षं उगवत राहील, म्हणून माती उकरल्यानंतरच्या हंगामात पुन्हा फेरी मारा. कापलेला माल गोठ्याजवळ किंवा वैरणीच्या ढिगात टाकू नका. ताजं पान गुरं टाळतात, पण वाळून गवतात मिसळलेलं त्यांना ओळखता येत नाही, आणि विष तसंच असतं.